एका गॅलियनचे सुट्टे आहेत का?

फ्रीलान्सर असण्याचा सगळ्यात मोठा तोटा कोणता, सांगू? पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, हा नव्हे. त्याची सवय होते. खरा तोटा म्हणजे, घरात कुठलंही कार्य निघालं की 'तुला काय, तू घरीच असतेस' या एका वाक्यावर आपली भरती होते. या वाक्याला उत्तर नाही. डेडलाइन ही गोष्ट आमच्या आईच्या मते फक्त ऑफिसला जाणाऱ्यांनाच असते.

तर झालं असं, की गेल्या महिन्यात ताईच्या मुलीचा, म्हणजे आमच्या बच्चूचा, नववा वाढदिवस होता. थीम, ऑफकोर्स, हॅरी पॉटर. कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीचं क्लब हाऊस, छताला दोऱ्यांनी लटकवलेल्या सेलवरच्या मेणबत्त्या, समोशांच्या ट्रेवर 'ग्रेट हॉल' अशी पाटी आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रिंगॉट्स बँक. बँकेत मी. पुस्तकात ही बँक गॉब्लिन चालवतात, त्यामुळे कास्टिंगबद्दल माझी तक्रार आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

आयडिया ताईची. कागदावर एकदम झक्कास होती. बारा मुलं, प्रत्येकाला आल्या आल्या एक सोनेरी गॅलियन. बँकेत येऊन त्याची मोड घ्यायची आणि स्टॉलवर जाऊन उडवायची. भाव सगळे पुस्तकांतलेच, कारण बच्चू चूक काढायला टपलेली असते. ट्रॉलीवरचा खाऊ ११ सिकल ७ क्नट. हॅरी पहिल्यांदा हॉगवर्ट्स एक्स्प्रेसमध्ये बसतो तेव्हा तो एवढेच मोजतो. घुबडाने आणलेला पेपर ५ क्नट. ड्रॅगनचं लिव्हर १६ सिकल औंस (आमच्याकडे स्ट्रॉबेरी जेली). आणि नाइट बसची सफर, म्हणजे पुठ्ठ्याच्या जांभळ्या बसमध्ये बसून एक फोटो, ११ सिकल.

'यातून मुलांना फायनान्शियल लिटरसी शिकायला मिळेल,' ताई म्हणाली. ताई एचआरमध्ये आहे.

ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांच्यासाठी फंडा क्लिअर करते. जे. के. रोलिंगबाईंच्या जादूगारांकडे नाणी तीन. सोन्याचा गॅलियन, चांदीचा सिकल आणि ब्राँझचा क्नट. १७ सिकल म्हणजे एक गॅलियन. २९ क्नट म्हणजे एक सिकल. गुणाकार केला तर एका गॅलियनचे ४९३ क्नट. १९९७ साली आलेल्या पहिल्या पुस्तकात हॅग्रिड हे हॅरीला अशा थाटात सांगतो, की याहून सोपं जगात काही नाहीच. (स्पेलिंगमधला 'के' उच्चारायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. मी क्नट म्हणते. नुसतं 'नट' म्हटलं की मला सुट्ट्या पैशांच्या डब्यात मेकअप करून बसलेले नट दिसतात.)

ही इंग्रजांच्या जुन्या पैशांची चेष्टा आहे, हे उघडच आहे. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हा प्रकार त्यांनी १५ फेब्रुवारी १९७१ रोजी बंद केला आणि शंभर पेन्सचा पौंड सुरू केला. पण त्या जुन्या घोळात एक सोय होती. पौंडाचे २४० पेन्स व्हायचे आणि २४०ला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा, कशानेही भाग जातो. रोलिंगबाईंनी घोळ तेवढा ठेवला आणि सोय काढून टाकली. १७ ही मूळ संख्या, २९ ही मूळ संख्या. अर्धा गॅलियन देताच येत नाही! ८ सिकल आणि साडेचौदा क्नट. आता क्नटचे दोन तुकडे कोण करणार?

मला हे सगळं आदल्या रात्री कळलं, एक्सेल उघडून बसले तेव्हा. घाबरून एका आयटीवाल्या मित्राला फोन केला. हा प्राणी दर शनिवारी रात्री डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे चार वाढलेली माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात आणि मनातल्या मनात राक्षस मारतात. तो हसायलाच लागला. 'आमच्याकडे बघ, दहा तांब्याची एक चांदीची, दहा चांदीची एक सोन्याची, दहा सोन्याची एक प्लॅटिनमची. शून्य वाढवायचं नाहीतर काढायचं. मध्ये एक इलेक्ट्रम म्हणून आहे, पाच चांदीचं, म्हणजे अर्धं सोन्याचं, पण त्याला कुणी विचारत नाही.' त्याने सल्ला दिला की तूही सगळं दहाच्या हिशोबात कर. मी ताईला विचारलं. ताईने बच्चूला विचारलं. बच्चूने फोनवर इतका वेळ काहीच बोलली नाही, की मी स्वतःच 'जाऊ दे' म्हटलं.

मग पौंडात गॅलियन केवढ्याला पडतो, ते शोधायला गेले. तिथेही मजाच. २००१ साली रोलिंगबाई एका मुलाखतीत म्हणाल्या होत्या, की गॅलियन साधारण पाच पौंडांना, दर खालीवर होतो. पण त्याच वर्षी त्यांनी 'फँटॅस्टिक बीस्ट्स' नावाचं छोटंसं पुस्तक चॅरिटीसाठी काढलं, त्यावर छापील किंमत होती अडीच पौंड, आणि शेजारी १४ सिकल ३ क्नट. आता पाच पौंडांचा गॅलियन असेल तर अडीच पौंड म्हणजे अर्धा गॅलियन, साडेआठ सिकलच्या आसपास व्हायला हवे. छापलेत चौदा. त्या हिशोबाने गॅलियन तीन पौंडांवर येतो. ऑनसाइट जाऊन आलेल्या मंडळींना याचं नवल वाटणार नाही. गुगलवर दिसणारा डॉलरचा दर वेगळा आणि कार्डावर लागणारा वेगळा! गॉब्लिनही पोटासाठीच बँक चालवतात.

असो. पार्टी सुरू झाली.

पहिला गिऱ्हाईक चष्मेवाला मुलगा, बच्चूच्या वर्गातला. त्याला ट्रॉलीवरचा खाऊ हवा होता. त्याने गॅलियन टेबलावर आपटला आणि म्हणाला, 'खाऊचे कापून बाकीचे द्या.' मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. ११ गुणिले २९, अधिक ७, झाले ३२६. ४९३ वजा ३२६, राहिले १६७. भागिले २९. उत्तर आलं ५.७५८६.

५ सिकल कळले. पुढचं पॉइंट सात पाच म्हणजे किती क्नट? मी घाईघाईत सात क्नट ठेवले. तो चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिला.

हा खड्डा लक्षात ठेवा, यात भले भले पडतात. कॅल्क्युलेटर दहाच्या भाषेत बोलतो आणि नाणी सतरा-एकोणतीसच्या. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे साडेचार षटकं, हे आपल्याला बरोबर कळतं, कारण षटकात सहा चेंडू असतात. तसंच हे. पॉइंटच्या पुढचं जे काही उरलंय, त्याला पुन्हा २९ने गुणायचं, मग क्नट मिळतात. ०.७५८६ गुणिले २९, बावीस. म्हणजे त्या मुलाला मी पंधरा क्नटला फसवत होते. तीन पेपर आले असते त्यात!

तोपर्यंत रांग लागली होती. रांगेत सात गॅलियन, दोन रडकी तोंडं आणि एक आई, जी मला 'यूपीआय ठेवायचं ना' असं सुचवत होती.

'सरक जरा,' मागून आवाज आला.

आजोबा. आमचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. ताईने त्यांना डम्बलडोरची टोपी घालून एसीखालच्या खुर्चीत बसवलं होतं, 'सगळ्यांना दिसतील असे'. ते कधी उठून आले, मला कळलंही नाही. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या खुर्चीत बसले. 'सतरा आणि एकोणतीस ना? त्या पोराला सांगत होतीस ते ऐकलं मी.'

मग त्यांनी ते केलं, जे मला एक्सेल घेऊन चार तासांत सुचलं नव्हतं. चहाचे कागदी कप मागवले. प्रत्येक कपात एकोणतीस क्नट मोजून भरले. प्रत्येक कपाशेजारी सोळा सिकलची चळत लावली. झाला तयार एक गॅलियनचा सुट्टा! सतरा सिकल द्यायचे नाहीत, सोळा द्यायचे आणि सतरावा आधीच फोडून ठेवायचा. म्हणजे पोराने काहीही घेतलं तरी वजाबाकी करताना हातचा मागायची वेळ येत नाही. चळतीतून अकरा काढा, कपातून सात काढा, उरलं ते त्याचं.

मी विचारलं, 'आजोबा, तुम्ही ४९३ने गुणत नाही?'

'कशाला? सात क्नट. एकोणतिसाला बावीस कमी. ते दिले की झाले बारा सिकल. सतराला पाच कमी. पाच सिकल, बावीस क्नट.' त्यांनी माझ्याकडे न बघता पुढच्या मुलीचा गॅलियन घेतला. 'गल्ल्यावर बसलेला माणूस वजा करत नाही गं. वर मोजत जातो.'

रांग दहा मिनिटांत संपली. मधल्या वेळात त्यांनी माझ्या एक्सेलच्या प्रिंटआउटची पाठकोरी बाजू घेऊन त्यावर तीन उभे रकाने आखले आणि स्टॉलचे भाव लिहून ठेवले. ०-११-७. ०-०-५. ०-१६-०. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, 'रुपये, आणे, पै. तुझे ते गॅलियन वगैरे.'

आमच्या पणजोबांचं साताऱ्याकडे किराणा मालाचं दुकान होतं आणि आजोबा शाळेतून आले की गल्ल्यावर बसायचे, हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे, घरातल्या अशा गोष्टी जशा माहीत असतात तसं. त्या गल्ल्यात सोळा आण्यांचा रुपया होता, चार पैशांचा आणा होता आणि हिशोबाला बारा पैंचा आणा. रुपयाच्या १९२ पै. मधे भोक असलेला पैसा होता, तो म्हणे ते करगोट्यात ओवून ठेवायचे. आणि शाळेत तीसपर्यंतचे पाढे, शिवाय पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. एकोणतीसचा पाढा त्यांना आजही झोपेतून उठवला तरी येतो. माझी पिढी वीसपर्यंत कशीबशी पोचली आणि पुढे मोबाइल आला.

खरा राडा झाला तो क्विझनंतर. तीन मुलांचा नंबर बरोबरीत आला आणि बक्षीस एक गॅलियन. ताईने तो तिघांत वाटायला बँकेकडे पाठवला. आजोबांनी पाच-पाच सिकल दिले. उरलेले दोन सिकल फोडले, अठ्ठावन्न क्नट, एकोणीस-एकोणीस दिले. उरला एक क्नट. तपकिरी पुठ्ठ्याचा, आठ आण्यांएवढा. त्याच्यावरून जे रण पेटलं म्हणता!

'दोघांत वाटलं असतं तर?' बच्चूने विचारलं. वाढदिवस तिचा, त्यामुळे न्यायनिवाडाही तिचाच.

'तरी एक उरतो,' आजोबा म्हणाले.

'चौघांत?'

आजोबांनी क्षणभर डोळे मिटले. 'एकच.'

'आणि आम्ही सगळे बारा?'

'एक्केचाळीस-एक्केचाळीस. आणि एक उरतो.'

मी नंतर घरी जाऊन तपासलं. ४९३मधून एक काढला की ४९२, आणि त्याला दोन, तीन, चार, सहा, बारा, सगळ्यांनी भाग जातो. म्हणजे ज्या ज्या संख्येत माणसं सहसा एकत्र येतात, त्यातल्या बहुतेकींत गॅलियन वाटायला घेतला की बरोब्बर एक क्नट भांडायला शिल्लक. (पाच जण असाल तर तीन उरतात. पाच जणांनी जादूगारांच्या हॉटेलात जेवायला जाऊच नये.) उलट आपला जुना रुपया बघा. तिघांत वाटला तर पाच आणे चार पै, काही उरत नाही. चौघांत चार आणे, सहा जणांत दोन आणे आठ पै, आठ जणांत दोन आणे, बारा जणांत एक आणा चार पै. आजचे शंभर पैसे तिघांत वाटून दाखवा बरं! हॉटेलचं हजार रुपयांचं बिल तीन मित्रांत अ‍ॅपवर टाकलं की दोघांच्या नावावर ३३३.३३ येतात आणि तिसऱ्याच्या ३३३.३४. तो एक पैसा कुणाच्या नावावर जाणार, हे त्या अ‍ॅपनेही कुठेतरी ठरवलेलंच असतं.

आजोबांनी साखरेचा रिकामा डबा घेतला, त्यावर पेनाने 'धर्मादाय' लिहिलं आणि क्नट त्यात टाकला. 'आमच्या दुकानात वाटून उरलेला पैसा ना दुकानाचा, ना गिऱ्हाइकाचा. तो या पेटीत.' तिन्ही मुलांनी डबा हलवून बघितला, आवाज आला, समाधान झालं. तिघांतल्या एकाने धर्मादाय म्हणजे काय विचारलं, तर बच्चूने परस्पर सांगून टाकलं, 'चॅरिटी रे. गॉब्लिन लोकांची.'

मग मुलं जेली खायला गेली आणि आजोबा रंगात आले. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. रुपयाचे शंभर नवे पैसे, म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा. पण पाव पैशाचं नाणं तर नाही! मग सरकारी कोष्टक होतं. एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. दुकानाच्या खांबावर पणजोबांनी ते कोष्टक चिकटवलं होतं आणि रोज त्यावरून वादावादी. एक-एक आण्याचं नाणं वेगवेगळं मोडलं तर तीन आण्यांचे अठरा, एकदम मोडलं तर एकोणीस. 'बायका लबाड होत्या,' आजोबा म्हणाले, 'शेजारणी-शेजारणी मिळून तीन आणे करून आणायच्या.' काही वर्षांनी, १९६४ साली, 'नवे' हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. चार आण्याचं नाणंही २०११च्या जूनअखेर चलनातून गेलं. तरी आमची आई अजून भाजीवाल्याला 'आठ आण्यांचं तरी कोथिंबीर टाक' म्हणते आणि तो टाकतोही. भाव करायची पद्धत आहे ती, हिशोब नव्हे.

हे सगळं ऐकताना मी आजोबांच्या हातांकडे बघत होते. सिकलची चळत अंगठ्याने सरकवत, न बघता मोजत होते. आणि मला पोटात कसंतरी झालं.

कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आजोबांना एक फोन आला होता. केवायसी करा, नाहीतर खातं बंद पडेल. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता, त्यांना बाबा म्हणत होता. लिंक, ओटीपी, आणि दहा मिनिटांत एक्केचाळीस हजार रुपये गेले. त्या रविवारी आमच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. बाबा, आई, काका, ताई आणि मी. आजोबा आतल्या खोलीत होते. त्यांनाही बोलवावं, असं पाचांपैकी एकालाही सुचलं नाही. ठरलं ते असं, की एटीएम कार्ड काकाकडे, पासबुक आईच्या कपाटात आणि फोनवरचं पेमेंटचं अ‍ॅप डिलीट. डिलीट मी केलं. घरातली टेक्नॉलॉजीवाली मी ना! आजोबांनी फोन माझ्या हातात दिला, मी दोन मिनिटांनी परत दिला. 'झालं?' त्यांनी विचारलं. 'झालं,' मी म्हटलं.

हा माणूस तीस वर्षं सरकारी नोकरीत हिशोब खात्यात होता. पेन्शन त्यांची स्वतःची. पण तेव्हापासून दर एक तारखेला आई त्यांच्या हातात एक पाकीट ठेवते, दोन हजारांचं. आणि न्हाव्याकडे जायचं असलं तरी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगतात, 'पाकिटातले शंभर काढतोय बरं का.' आम्ही कुणी त्यांना असं सांगायला लावलं नव्हतं.

आम्ही चूक केली, असं मी म्हणत नाही. एक्केचाळीस हजार खरे गेले होते आणि तसे फोन अजूनही येतात. फसवणारा हिशोब चुकवत नाहीच, तो माणसाला घाबरवतो. ४९३ क्नट तोंडी मोजणारा माणूसही 'खातं बंद पडेल' ऐकून घाबरू शकतो, आणि घाबरला म्हणून त्याला मोजता येत नाही, असं होत नाही. आम्ही या दोन गोष्टी एकाच कपात भरल्या होत्या.

पार्टी संपल्यावर मला घरी पळायचं होतं, दुसऱ्या दिवशी एक स्टोरी द्यायची होती. पण आजोबांनी बँक बंद करायला नकार दिला. 'गल्ला जुळल्याशिवाय उठायचं नाही.' सगळ्या स्टॉलवरची नाणी आणली, मुलांच्या खिशातली उरलेली रिटर्न गिफ्टच्या बदल्यात परत घेतली. एकोणतीस-एकोणतीसचे कप भरायला घेतले. बारा मुलांचे बारा कप आणि बक्षिसाच्या गॅलियनसाठी फोडलेल्या दोन सिकलचे दोन, असे चौदा भरायला हवे होते. तेरा भरले. चौदाव्यात अठ्ठावीस.

जिजू खुर्च्यांखाली शोधायला लागले. (पुठ्ठ्याचे क्नट त्यांनीच दोन रात्री जागून कापले होते, त्यामुळे जीव अडकलेला.) आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी साखरेचा डबा उचलला आणि हलवला. टक्, टक्.

'जुळला,' ते म्हणाले आणि उठले.

रिक्षात बराच वेळ गप्प होते. नळ स्टॉपचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, 'पासबुक भरून आणायला पाहिजे. दोन वर्षांच्या एन्ट्र्या राहिल्यात.'

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेल्यावर मी कपाट उघडलं. मग आम्ही दोघं बँकेत गेलो. मशीनने पासबुकाची सात पानं भरली. आजोबांनी तिथेच बाकावर बसून पहिल्या ओळीपासून बघायला सुरुवात केली, पेन्शन कधी आली, व्याज किती पडलं, काकाने कधी किती काढले. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली. चोरी वगैरे काही नव्हती, काकाने दोनदा स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं आणि नंतर सांगायचं राहून गेलं होतं. रात्री जेवताना आजोबांनी ते विचारलं. काका लालेलाल. मग काका माझ्यावर भडकला, 'तुला कुणी सांगितलं होतं पासबुक काढायला?' खूप बोलाचाली झाली. मीही बोलले. त्या मीटिंगला आजोबा मात्र हजर होते.

शेवटी तोडगा निघाला तो आजोबांनीच काढलेला. पेन्शनचं खातं आहे तसंच, कार्ड काकाकडे. पण पासबुक त्यांच्या उशाशी. आणि दुसरं एक छोटं खातं, त्यात कधीही पाच हजारांच्या वर ठेवायचे नाहीत. फोनवर अ‍ॅप त्या खात्याचं. 'गेले तर पाच हजार जातील,' ते म्हणाले, 'दुकानातही गल्ल्यात दिवसापुरतेच ठेवायचे. बाकीचे आत.' काका अजून नाराज आहे. आईने पाकीट देणं थांबवलेलं नाही, ते आता एक तारखेला पाकीट घेतात आणि त्यातले पंधराशे तिला परत देतात, 'ठेव तुझ्याकडे' म्हणून.

अ‍ॅप मीच टाकून दिलं. पिन टाकताना त्यांनी मला पाठ करून उभं राहायला लावलं.

परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणि ब्रेड आणायला आम्ही दोघं गेलो. सत्त्याण्णव रुपये झाले. आजोबांनी सवयीने शंभराची नोट काढली. दुकानदाराने गल्ल्यात हात घातल्यासारखं केलं, 'सुट्टे नाहीत काका' म्हणाला आणि तीन चॉकलेटं पुढे सरकवली. आजोबांनी ती एका बोटाने परत सरकवली, नोट खिशात ठेवली, चष्मा वर केला आणि फोन काढून त्या क्यूआर कोडसमोर धरला. जरा वेळ लागला. मागे दोन माणसं उभी होती. मी काही मदत केली नाही.

दुकानाच्या डबीतून बाईचा आवाज आला, सत्त्याण्णव रुपये प्राप्त झाले.